गमतीची प्रोग्रॅमिंग भाषा रचायची असेल तर

‘प्रिंट’च्या जागी ‘बोंबल’ लिहिता आलं तर काय बहार येईल, असं प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या बऱ्याच मराठी पोरांच्या मनात कधी ना कधी येऊन जातं. त्यातला एखादा खटपट्या मग एका रात्रीत ‘इफ’चं ‘जर’, ‘एल्स’चं ‘नायतर’ आणि ‘व्हाइल’चं ‘जोवर’ करून टाकतो. कॉलेजच्या ग्रुपवर ते पडतं, पोरं हसतात, दोन-चार जण ‘नाद खुळा’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्या भाषेत कुणी एक ओळही लिहीत नाही.

कारण सरळ आहे. शब्द बदलले, बोलणं तेच राहिलं. महिरपी कंस, अर्धविराम, डावीकडे नाव नि उजवीकडे किंमत, सगळा थाट सी भाषेचाच. अशी कोटी एकदा कळली की संपली. लोकांनी पुन्हा पुन्हा येऊन चार ओळी खरडाव्यात अशी भाषा करायची असेल, तर हसू सुट्या शब्दांत शोधू नका. ते शब्द कोण कुणाला म्हणतं आणि कशाला उत्तर म्हणून म्हणतं, तिथे ते सापडेल. मग ते व्याकरणात बसवा. हे काम कसं जमतं ते पाहायला लोलकोडइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

लोलकोड २००७ साली आली. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातले संशोधक ॲडम लिंडसे यांनी ती मांडली. त्या काळात इंटरनेटवर मांजरांच्या फोटोंची लाट होती. मांजराचा फोटो आणि त्यावर मांजर स्वतःच बोलतंय असं मोडकंतोडकं, जाणूनबुजून चुकवलेलं इंग्रजी. ‘आय कॅन हॅझ चीझबर्गर’ ही प्रसिद्ध साइटही त्याच वर्षाच्या जानेवारीत सुरू झाली. लिंडसे यांनी त्या मांजरालाच प्रोग्रॅमरच्या खुर्चीत बसवलं. लोलकोडचा एक छोटा प्रोग्रॅम देवनागरीत उतरवला तर असा दिसतो:

हाय १.२
कॅन हॅझ एसटीडीआयओ?
व्हिजिबल "हाय वर्ल्ड!"
केथँक्सबाय

आल्यावर ‘हाय’, जाताना ‘ओके, थँक्स, बाय’चा एका दमात केलेला चुराडा. दुसरी ओळ म्हणजे लायब्ररी मागवणं. सी भाषेत ते हुकूम सोडून होतं, इथे मांजर बर्गर मागावं तसं लाडात येऊन मागतं.

पहिला धडा इथेच आहे. एकही कीवर्ड ठरवण्याआधी बोलणारा ठरवा. लोलकोडमध्ये मांजर बोलतं. २०१३ साली फिनलंडच्या लाउरी हार्टिका यांनी केलेल्या अर्नोल्डसीमध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या सिनेमांतले संवादच कीवर्ड आहेत. २०२२च्या सुमारास आपल्याकडे गाजलेल्या भाईलँगमध्ये एक मित्र दुसऱ्याशी बोलतो: प्रोग्रॅम ‘हाय भाई’ने सुरू होतो, ‘बाय भाई’ने संपतो, छापायचं असेल तर ‘बोल भाई’, लूपमधून बाहेर पडायचं तर ‘बस कर भाई’, पुढच्या फेरीला जायचं तर ‘अगला देख भाई’. रिकाम्या किमतीला, म्हणजे ‘नल’ला, तिथे ‘नल्ला’ म्हणतात. माझ्या मते त्या भाषेतला सगळ्यात अस्सल शब्द हाच. उच्चार जुळतो आणि निकम्म्या पोराला हिंदीत हाच शब्द लावतात.

या तिन्हींत अर्नोल्डसी मला सगळ्यात लवकर शिळी वाटते. एकेक संवाद फक्कड आहे, पण तो त्याच जागी का आला याला बऱ्याचदा काही कारण नाही. अट खोटी ठरली की अमुक संवाद, लूप संपला की तमुक संवाद; जागा अदलाबदल केल्या तरी बहुतेक ठिकाणी कुणाचं काही बिघडत नाही. भाईलँग मधल्या पायरीवर आहे: बोलणाऱ्याचा आवाज पक्का सापडला आहे, सांगाडा मात्र महिरपी कंसांचाच. लोलकोड सांगाड्यापर्यंत पोचली. कशी, ते नीट बघू, कारण सगळी युक्ती तिथेच आहे.

लोलकोडमध्ये ‘जर-तर’ असं चालतं. आधी एक विधान करायचं: ‘बोथ सेम ॲनिमल ॲन "कॅट"’, म्हणजे ॲनिमल आणि कॅट हे दोन्ही एकच. विधानाआधी काहीच नाही, ‘जर’ नाही, कंस नाही. मग स्वल्पविराम देऊन प्रश्न: ‘ओ रिअली?’ त्याखाली ‘या रिअली’ आणि त्याची कामं, ‘नो वे’ आणि त्याची कामं, आणि शेवटी ‘ओह आय सी’. मूळ रोमन लिपीत हे शब्दही अर्थात चुकवून लिहिलेत. एकानं काहीतरी ठोकून दिलं, दुसऱ्यानं भुवया उंचावल्या, पहिल्यानं शपथेवर सांगितलं, नाहीतर दुसऱ्यानं उडवून लावलं, आणि सगळं कळल्यावर मान हलवली. अटीचं अख्खं यंत्र म्हणजे दोन माणसांची बाचाबाची झाली आहे.

ही गंमत फुकट मिळालेली नाही. तिच्यामागे एक तांत्रिक सोय आहे. लोलकोडमध्ये एखादी राशी ओळीवर नुसती लिहून सोडली, तर तिचं उत्तर ‘इट’ नावाच्या एका गुप्त चलात जाऊन बसतं. ‘ओ रिअली?’ हा प्रश्न त्या ‘इट’ला विचारलेला असतो. ‘इट’ नसता तर अट प्रश्नाच्या पोटात घालावी लागली असती, आणि मग संवाद उरला नसता. अनेक पर्यायांतून निवड करायची रचनाही त्याच चलावर चालते. तिची सुरुवात ‘डब्ल्यूटीएफ?’ने होते, प्रत्येक पर्यायाला ‘ओएमजी’ आणि कशातच न बसलेल्याला ‘ओएमजीडब्ल्यूटीएफ’. आश्चर्य चढत जातं, त्या चढत्या भाजणीत पर्याय लागलेत.

आता हेच मराठीत करायला घ्या. ‘ओ रिअली’चं भाषांतर करत बसू नका. कट्ट्यावर कुणी थाप मारली की आपण काय म्हणतो ते आठवा. मी समजा कोल्हापूरकडचा एक भावा बोलणारा म्हणून धरला, तर साधारण असं होईल:

काय भावा १.०
रन म्हणजे १००
रन आणि १०० सेम, काय सांगतो?
आईशप्पथ
"सेंच्युरी!" बोंबल
फेकू नको
"अजून खेळ" बोंबल
असं होय
चल निघतो

‘असं होय’ने अट बंद होते. बंद करणारा शब्द निवडताना एवढं बघा की तो बोलण्यातही काहीतरी बंद करत असावा. लोलकोडमध्ये अनेक ओळींची टिप्पणी ‘ओह, बाय द वे’ म्हणून सुरू होते आणि ‘टीएलडीआर’ने, म्हणजे ‘फार लांबलं, वाचलं नाही’ने, संपते. मराठीत अशी टिप्पणी ‘सहज आठवलं’ने उघडावी आणि ‘असो’ने मिटवावी. आपल्याकडे विषयांतर संपवायला ‘असो’पेक्षा जुना आणि खात्रीचा शब्द दुसरा नाही, लेखकांच्या कैक पिढ्या त्याच्यावर जगल्या आहेत.

लूपच्या बाबतीत लोलकोडने ऑनलाइन खेळांतली एक फुशारकी उचलली. शत्रूच्या तळात शिरलेला खेळाडू ‘मी तुझ्या तळात आहे’ असं मोडक्या इंग्रजीत मिरवायचा. त्यावरून ‘आय एम इन युवर लूप’ म्हणत आत जायचं आणि ‘आउटा युवर लूप’ म्हणत बाहेर यायचं. आपल्याला त्या फुशारकीची गरज नाही. एखादी गोष्ट पुन्हा हवी असेल तर मराठी प्रेक्षक शंभरेक वर्षं काय ओरडत आला आहे? ‘वन्स मोअर!’ संगीत नाटकात ओरडला, तमाशाच्या फडात ओरडला, आता ग्रुपवर व्हिडिओखाली लिहितो. हा शब्द लूपला घ्या, पण त्याची जागाही त्याच्याबरोबर घ्या. वन्स मोअर पद म्हणून झाल्यावर मिळतो, आधी नाही. म्हणजे हा लूप तळाशी अट तपासणारा झाला: आतलं काम एकदा तरी होणारच, मग ‘वन्स मोअर, जोवर अमुक’. एकदाही होऊ नये अशी वेळ आली तर त्याच्याभोवती ‘काय सांगतो?’ घालावा लागेल. घालू द्या. प्रसंगाने व्याकरण ठरवलं की थोडी गैरसोय होते, आणि अशा भाषेत ती गैरसोय वापरणाऱ्याला आवडते. मधूनच बाहेर पडायला ‘बास की’, पुढच्या फेरीला ‘फुडं चल’.

गैरसोयीवरून इंटरकॅल आठवते. १९७२ साली प्रिन्स्टनच्या डॉन वूड्स आणि जेम्स लायन यांनी ही भाषा तेव्हाच्या सगळ्या भाषांची टिंगल म्हणून रचली. अशा खोडसाळ भाषांमध्ये ती आद्य मानतात. तिच्यात काही हुकमांआधी ‘प्लीज’ लावावं लागतं. फार कमी वेळा लावलं तर कंपायलर तुम्हाला उद्धट ठरवून प्रोग्रॅम परत करतो, फार वेळा लावलं तर लाळघोटे म्हणून परत करतो. साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतक्या ओळींत ‘प्लीज’ असलं की जमतं. हा नियम मूळ माहितीपुस्तकात लिहिलेलाच नव्हता, ही त्यातली खरी खोडी. आपल्या भाषेत हाच नियम ‘भावा’ या संबोधनाला लावता येईल: दहा ओळींत एकदाही ‘भावा’ नाही, तर यंत्राने ओळख दाखवू नये.

आता जरा कष्टाचा भाग. इंग्रजीवर बेतलेल्या भाषांना एक सोय आयती मिळते, ती आपल्याला मिळत नाही: इंग्रजी नाम वाक्यात कुठेही आलं तरी बहुधा आहे तसंच राहतं. मराठीत ते राहत नाही. चलाचं नाव ‘घोडा’ ठेवलं आणि त्यात चार मिळवायचे झाले, तर माणूस म्हणेल ‘घोड्यात ४ टाक’. ‘पाऊस’चं ‘पावसात’, ‘रस्ता’चं ‘रस्त्याला’. प्रत्यय लागण्याआधी शब्दच रूप बदलतो, आणि यंत्राला घोडा आणि घोड्या हे एकच जनावर आहे हे समजावणं सोपं नाही.

यातून वाटा निघतात. एक म्हणजे नाव मूळ रूपातच राहील अशाच रचना निवडायच्या: ‘घोडा म्हणजे ५’, ‘घोडा आणि गाढव सेम’. वर मी तेच केलं. पण सगळी भाषा अशी करायला गेलं की बोलणं कोरडं पडतं. दुसरी वाट धाडसाची. डेमियन कॉनवे यांनी २००० सालच्या सुमारास पर्ल ही भाषा लॅटिनमध्ये लिहिता येईल असं मोड्यूल बनवलं. त्यात शब्दांचा क्रम मोकळा आहे आणि कोणतं नाव काय काम करतंय ते विभक्तीच्या प्रत्ययावरून ठरतं. मराठीत हे करणारा कुणी निघाला तर मी त्याला स्वतः चहा पाजीन, पण पहिल्याच भाषेत त्या फंदात पडू नये.

तिसरी वाट इंटरनेटनेच दाखवून ठेवली आहे. व्हॉट्सॲपवर आपण कुणाला टॅग करतो तेव्हा त्याचं नाव कुलूपबंद होतं आणि प्रत्यय मागून सुटा लिहावा लागतो: ‘@रमेश ला विचार’, ‘@आत्या च्या घरी’. शुद्धलेखनाच्या दृष्टीने हे चूक, पण ग्रुपवर रोज वाचून डोळ्याला सवय झालेली आहे. म्हणून चलाच्या नावाआधी ‘@’ सक्तीचा करा. ‘@घोडा त ४ टाक’ हे व्याकरणाच्या मास्तरांना खटकेल, पण चॅटमध्ये अगदी घरचं वाटतं. शिवाय यंत्राचं काम निम्मं होतं. ‘@’ दिसला की पुढचा शब्द चलाचं नाव, नाही दिसला तर कीवर्ड. कुणी हौसेने चलाचं नाव ‘बोंबल’ ठेवलं तरी गोंधळ नाही.

गणिताच्या चिन्हांचं काय? लोलकोडने ‘सम ऑफ ३ ॲन ४’ अशी रचना घेतली: क्रिया आधी, मग राशी. गणिताची प्रत्येक क्रिया नेमक्या दोनच राशी घेते, त्यामुळे कितीही गुंतागुंत झाली तरी कंस लागत नाहीत. हवे तितके घटक घेणाऱ्या क्रिया असतील तिथेच ‘एमके’ म्हणून तोंड मिटवावं लागतं. गंमत म्हणजे १.२ आवृत्तीत ‘पेक्षा मोठा’ अशी क्रियाच नाही. अमुक आणि ‘अमुक-तमुकमधला लहान’ हे दोन्ही वेगळे आहेत का, असं फिरून विचारावं लागतं. मांजर आहे, चालायचंच.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून मांजराची रचना जशीच्या तशी घेऊ नका. आपल्याजवळ त्याहून चांगलं हत्यार आहे, ते म्हणजे ‘ऊन’. ‘बाजारात जाऊन, भाजी घेऊन, घरी येऊन झोपला’ यात एकामागून एक कामं नुसती ओवली जातात. प्रोग्रॅममध्ये हेच करा:

१० घेऊन, २ नं गुणून, ५ मिळवून बोंबल

उत्तर २५. डावीकडून उजवीकडे जायचं, हातातली राशी पुढच्या क्रियेला द्यायची. आधी गुणाकार की आधी बेरीज हा वादच मिटतो, कारण जे आधी लिहिलं ते आधी होतं. ज्यांनी चार्ल्स मूर यांची फोर्थ भाषा पाहिली आहे त्यांना यातली ओळख पटेल. तिथेही राशी आधी आणि क्रिया नंतर. हातातली ही राशी म्हणजे लोलकोडच्या ‘इट’चीच सख्खी बहीण, तेव्हा ‘काय सांगतो?’ हा प्रश्न तिलाच विचारता येईल. म्हणजे एकाच सोयीवर अटही चालली आणि गणितही. दोन बेरजांचा गुणाकार करायचा असेल तर मात्र मधलं उत्तर एका चलात ठेवून दोन ओळी लिहाव्या लागतील. लिहा.

यंत्राला हे सगळं वाचता यावं म्हणून मजकुराचे तुकडे करणारा भाग, म्हणजे लेक्सर, लागतो. तिथे देवनागरी तुम्हाला दगा देईल, म्हणून आधीच सांगतो. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्स मोड्यूलमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ ओळखणारी जी खूण आहे, ती काना, वेलांटी, मात्रा यांना अक्षर मानत नाही. तिच्या भरवशावर ‘मराठी’चे तुकडे केले तर ‘मर’ आणि ‘ठ’ हाती येतात. त्याऐवजी युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा पूर्ण पट्टाच ग्राह्य धरा आणि दंडासारखी चिन्हं हवी तर वगळा. कीवर्ड अनेक शब्दांचे असतात, म्हणून लांब कीवर्ड आधी जुळवून पाहा; नाहीतर ‘फेकू’ नावाचा वेगळा कीवर्ड केलात की ‘फेकू नको’ अर्धवट तुटेल. ‘काय भावा’ आणि ‘काय सांगतो?’ दोन्ही ‘काय’ने सुरू होतात, हेही ध्यानात असू द्या.

दिसायला एक पण आत दोन, अशी अक्षरं मराठीत आहेत. ‘ॲ’ एका चिन्हानेही लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, युनिकोडचं एनएफसी नावाचं एकरूप करणं या दोघांना एक करत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कुणी नुक्तेवाल्या ऱ ने टंकतो, कुणी र ला हलन्त देऊन अदृश्य जोडचिन्ह घालतो. वापरणाऱ्याला दोन्ही सारखे दिसतात आणि यंत्र म्हणतं हा शब्द मला ठाऊक नाही. सोपा उपाय असा की ही अक्षरं कीवर्डमध्ये येऊच देऊ नका. आकडे मात्र देवनागरी आणि रोमन दोन्ही घ्या. पायथनचं आकड्यात रूपांतर करणारं फंक्शन देवनागरी अंकही निमूट वाचतं.

शुद्धलेखनाचा प्रश्न वेगळाच आहे. इंटरनेटवर ‘नाही’ हा शब्द नाय, नै, न्हाय, नाई असा हवा तसा लिहितात. सगळे चालू द्यावेत असा मोह होतो. देऊ नका. लोलकोडमध्ये पूर्णांकाच्या आणि अपूर्णांकाच्या प्रकारांची नावं चुकीच्या स्पेलिंगची आहेत, ‘सेम’चं स्पेलिंगही उलटसुलट आहे, पण ती चूक सगळ्यांनी एकाच पद्धतीने करायची आहे. अशी ठरवलेली चूक पाठ होते, आणि पाठ झाली की बोटातून आपोआप येते. पर्याय द्यायचाच असेल तर एका शब्दाला एकच जास्तीचा द्या, तोही टंकायच्या अडचणीमुळे, उदाहरणार्थ ‘आईशप्पथ’ आणि ‘आयशप्पत’.

एवढ्या कडकपणात एखादी जागा निव्वळ लाडाची ठेवायला हरकत नाही. लोलकोडमध्ये मजकुराला ‘यार्न’ म्हणतात, कारण मांजर लोकरीच्या गुंड्याशी खेळतं. त्या मजकुरात नवी ओळ हवी असेल तर :) असं लिहायचं, टॅबसाठी :> आणि घंटीसाठी :o म्हणजे आ वासलेलं तोंड. इतर भाषांत या कामाला उलटी तिरपी रेघ लागते. इथे हसऱ्या चेहऱ्याने काम भागतं. अशी एखादी जागा तुम्हीही शोधा, पण एकच. दर ओळीला इमोजी आले की वाचणारा कंटाळतो. आणि दुसऱ्या भाषेचा लाड जसाच्या तसा उचलू नका. डिलन बीटी यांनी २०१८ साली ‘रॉकस्टार’ भाषा आणली, तिच्यात आकडे शब्दांच्या लांबीवरून काढता येतात; चार अक्षरांचा शब्द म्हणजे चार, दहा अक्षरांचा म्हणजे शून्य. रोमनमध्ये हे छान चालतं. मराठीत ‘क्ष’ एक अक्षर की दोन, यावर आधी परिसंवाद भरवावा लागेल.

चुकीचे संदेश हा तर निम्मा मजकूर आहे आणि नवखे रचनाकार नेमकं तिकडेच दुर्लक्ष करतात. प्रोग्रॅम लिहिणारा पहिल्या दिवशी यंत्राचं बोलणंच जास्त वाचतो. इथे दुसरा आवाज आणा. लिहिणारा कोल्हापूरचा भावा असेल, तर यंत्र पुण्याचं असू द्या. पुणेरी पाटीची शैली मराठी इंटरनेटला तोंडपाठ आहे आणि कंपायलरच्या स्वभावाशी ती मुळातच जुळते:

ओळ ७: ‘असं होय’ लिहिलेलं नाही. बोलणं अर्धवट टाकून जाऊ नये.
ओळ ९: @रन कोण? आधी ओळख करून द्यावी.
ओळ १२: शून्याने भागता येत नाही. हे शाळेत सांगितलेलं असतं.

टोमणा कितीही झकास असला, तरी ओळीचा क्रमांक आणि काय राहिलं ते त्याच संदेशात हवं. नुसता टोमणा मारणारं यंत्र कुणी दुसऱ्यांदा चालवत नाही.

लिहिणाऱ्याच्या बाजूला मात्र आवाज एकच ठेवा. ‘काय भावा’ म्हणणारा माणूस पुढच्या ओळीत ‘काऊन बे’ म्हणणार नाही, आणि मालवणी माणसाच्या तोंडी दोन्ही शोभणार नाहीत. सगळ्या महाराष्ट्राला खूश करायला सगळीकडचे शब्द गोळा केले की बोलणारा माणूसच नाहीसा होतो. नागपूरची हवी असेल तर पूर्ण नागपूरची करा. आणि ज्या बोलीत तुम्ही स्वतः घरी बोलत नाही, ती निवडण्याआधी ज्यांची आहे त्यांना वाचून दाखवा. शहरातल्या पोरांनी गावाकडच्या ‘न’ आणि ‘ण’वर हसायचं, एवढ्यावर उभी राहिलेली भाषा मला तरी ओंगळ वाटते. शिव्यांचंही तसंच. लोलकोडमध्ये दोन-तीन असभ्य आद्याक्षरं आहेत, पण ती आद्याक्षरं आहेत म्हणून पचतात. आई-बहिणीवरून जाणारे कीवर्ड वर्गात पडद्यावर लावता येत नाहीत, मग ती भाषा शिकवायच्याही कामाची राहत नाही.

इंटरनेटवरचे शब्द लवकर पिकतात आणि लवकर गळतात. जून २०२२मध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचा गुवाहाटीहून केलेला फोन गाजला आणि ‘काय झाडी, काय डोंगार’ अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं. तेव्हा कुणी भाषा केली असती तर तिच्यात हे नक्की आलं असतं. आज कॉलेजात आलेल्या मुलाला ते समजावून सांगावं लागेल. म्हणून कणा जुन्या, मुरलेल्या बोलण्याचा ठेवा: ‘असं होय’, ‘असो’, ‘बास’, ‘वन्स मोअर’. ताजे शब्द टोकाला ठेवा, जिथून ते पुढच्या आवृत्तीत काढता येतील. लोलकोडच्या पहिल्या ओळीत ‘हाय’नंतर आवृत्तीचा आकडा येतो, तो इथे कामाला येईल. तुमच्या ‘काय भावा’पुढेही १.० असू द्या आणि जुन्या आवृत्तीचे प्रोग्रॅम चालू राहतील याची काळजी घ्या.

प्रत्यक्ष बांधणी फार मोठी नाही. चल, छापणं, विचारणं, अट, लूप, फंक्शन आणि टिप्पणी एवढं झालं की पुरे. वीसेक कीवर्डमध्ये बसतं. यादीऐवजी आधी पाच-सहा प्रोग्रॅम कागदावर लिहा आणि मोठ्याने वाचा. त्यात एक सतराच्या पाढ्याचा असू द्या, एक फिझबझचा: तीनने भाग गेला तर एक शब्द, पाचने गेला तर दुसरा, दोन्हींनी गेला तर दोन्ही. या दोघांत लूप, अट, भागाकाराची बाकी आणि छापणं सगळं येतं, त्यामुळे भाषा कुठे अडते ते लगेच कळतं. वाचताना जीभ जिथे अडखळेल तिथला कीवर्ड बदला. त्यानंतरच पार्सर, म्हणजे तुकड्यांची वाक्यरचना लावणारा भाग, लिहायला बसा. वरून खाली उतरत जाणारा साधा पार्सर आणि त्या रचनेच्या झाडावर चालणारा इंटरप्रिटर पायथनमध्ये हाताने लिहिता येतो. हे कधी केलं नसेल तर रॉबर्ट निस्ट्रम यांचं ‘क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स’ हे पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं.

मग एखाद्या मैत्रिणीला अर्धा प्रोग्रॅम द्या, नियम सांगू नका आणि पुढची ओळ तिला सुचेल ती लिहायला सांगा. तिनं लिहिलेली ओळ तुमच्या व्याकरणात बसली नाही, तर ‘अगं, असं नाही, असं लिहायचं’ म्हणून तिला समजावत बसू नका. ती ओळ वहीत उतरवून घ्या आणि त्या रात्री व्याकरण बदला.